अंगानं बारीक, तरी बीपी कसं?

रानातून येऊन आत्ताच पाय धुतलेल्या, चुलीपुढं भाकरी थापत ऐकणाऱ्या, गोठ्यात खुंटीला रेडिओ अडकवून धार काढणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आमच्या गटाचा नमस्कार.

आज आम्ही एक चूक सांगायला बसलोय. ती आमचीच आहे. दुसऱ्या कुठल्या गटानं ती करू नये एवढ्यासाठी सांगतोय.

आमच्या गटात एक जण आहे. तिनंच बजावलंय, गोष्ट सांगा, नाव नको. वय एक्केचाळीस. अंगानं काडी. रोज खुरपायला जाणारी, सरपण डोक्यावर आणणारी, घराची पायरी चढताना कधी दम लागला नाही अशी. दोन वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं तेव्हा तिचं बीपी निघालं १६० आणि १००. डॉक्टरांनी महिन्याची गोळी दिली. तिनं ती खाल्ली, संपली, आणि मग गटाच्या बैठकीत विचारलं, "परत आणू का गं?" तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. म्हणालो, "तुला कुठलं आलंय बीपी? बीपी जाड्या बायकांना होतं. तू वाऱ्यानं उडशील." तिच्या सासूबाईंनीही सांगितलं, एकदा गोळी सुरू झाली की सवय लागते. मग ती गप्प बसली.

गेल्या सुगीत, ज्वारी काढताना, तिच्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबला, बोलणं अडखळलं. आम्ही काय केलं? सावलीत निजवलं, हातापायाला तेल चोळलं, कांदा हुंगवला, उतार पडेल म्हणून वाट बघितली. तीन तास गेले. तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. जीव वाचला. चालते आता. पण उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत, आणि बोलताना शब्द शोधावा लागतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची मान बघितली आणि आम्हाला विचारलं, "हा मानेवरचा काळेपणा कधीपासून आहे?" आम्हाला वाटलं होतं मळ आहे. ती बिचारी दगडानं घासायची. रक्त तपासलं तर साखरही उंबरठ्यावर निघाली. शुगरचा आजार म्हणावा एवढी नाही, पण बरी म्हणावी एवढीही नाही. मग बाईंनी आम्हा तिघी-चौघींना बाकावर बसवून अर्धा तास समजावलं. त्यातलं जे डोक्यात बसलं, आणि पुढं आमच्या आशाताईंकडून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून जे पक्कं करून घेतलं, तेच आज सांगतोय.

इन्सुलिन म्हटलं की आपल्याला शुगरवाल्यांचं इंजेक्शन आठवतं. पण इन्सुलिन आपल्या प्रत्येकीच्या पोटातच तयार होतं. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे, तिथं. आपण भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते स्नायूंच्या पेशींना सांगतं, दार उघडा, साखर आलीय, आत घ्या. एवढं पुष्कळ जणींनी ऐकलेलं असतं.

ज्याच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही, ते इन्सुलिनचं दुसरं काम. ते रक्ताची वाटही मोकळी करतं. आपल्या भागातल्या बायांना हे ठिबकवरून लवकर कळेल. डाळिंबाच्या बागेत मोठा पाइप असतो, त्याला बारक्या नळ्या, आणि नळ्यांना थेंब सोडणारी तोंडं. शरीरातही तसंच आहे. मोठ्या रक्तवाहिन्या, त्यांच्या फांद्या, आणि शेवटी स्नायूंमध्ये केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं. सगळी तोंडं सतत उघडी नसतात. जेवल्यावर इन्सुलिन येतं आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सांगतं, जरा सैल हो. ते अस्तर एक वायू तयार करतं, नायट्रिक ऑक्साइड. त्यानं वाहिनीची भिंत ढिली पडते, बारकी तोंडं उघडतात, आणि स्नायूंना जास्त रक्त मिळतं. वायूनं रक्तवाहिनी सैल होते हे शोधलं म्हणून १९९८ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. आपलं शरीर मात्र हे काम कधीपासून बिनबोभाट करतंय.

आता समजा, पेशी इन्सुलिनला दाद देईनात. डॉक्टर याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आम्ही आपलं "दाद न देणं" म्हणतो. घरात रोज हाक मारून मारून पोरं जशी ऐकेनाशी होतात, तसं. मग आई काय करते? आवाज चढवते. स्वादुपिंडही तेच करतं, जास्त जास्त इन्सुलिन सोडतं. त्यामुळं बरीच वर्षं साखर तपासली तर ठीकच येते. आतून मात्र आरडाओरडा चालू असतो.

आणि इथं खरी मेख आहे. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोनदा विचारून घेतलं. दाद न देणं शरीरात सगळीकडे सारखं नसतं. स्नायू ऐकेनासे होतात. रक्तवाहिनीचं अस्तर "सैल हो" ही हाक ऐकेनासं होतं. पण त्याच अस्तराला इन्सुलिनची दुसरीही एक हाक असते, आवळून धर म्हणणारी. एरवी सैल करणारी हाक वरचढ असते. ती बंद पडली की आवळणारी तेवढी उरते. शिवाय मूत्रपिंड, म्हणजे किडनी, तिला इन्सुलिन सांगतं, मीठ बाहेर सोडू नको, धरून ठेव. किडनी हे नीट ऐकते, बहिरी होत नाही. आणि ज्या नसा जीव घाबरल्यावर काळीज धडधडवतात आणि वाहिन्या आवळतात, त्याही चढलेल्या इन्सुलिननं जाग्या राहतात.

म्हणजे झालं काय? बारकी तोंडं पुरती उघडत नाहीत, वाहिन्या आवळलेल्या, आणि मिठाबरोबर पाणीही अंगात साठलेलं. ठिबकच्या नळ्यांची तोंडं क्षारानं बुजली आणि मोटर तेवढ्याच जोरानं चालू राहिली, तर प्रेशरच्या घड्याळाचा काटा कुठं जातो, हे बागवालीला विचारा. काटा चढतो, झाडाला पाणी कमी, आणि एक दिवस कुठलातरी जोड सुटतो. अंगात काटा चढतो त्याला बीपी म्हणायचं.

याचं आणखी एक वाईट. स्नायूंकडे रक्त कमी गेलं की साखर आणि इन्सुलिनही तिथं कमीच पोचतं. मग साखर रक्तात रेंगाळते, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि चक्र पुन्हा सुरू. शुगर आणि बीपी एकाच घरात, एकाच माणसाला एवढं आढळतं त्याचं मोठं कारण हे. १९८८ साली अमेरिकेतले डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी बीपी, साखर आणि रक्तातली चरबी हे वेगवेगळे आजार न मानता एका मुळाला जोडून दाखवले. ते मूळ म्हणजे हेच दाद न देणं. सगळ्यांचं बीपी यामुळंच असतं असं मात्र नाही बरं का. कुणाचं वयानं, कुणाचं घराण्यातून, कुणाचं मिठानं, कुणाचं किडनीच्या दुखण्यानं.

आता मूळ प्रश्न. आमची मैत्रीण तर काडी, मग तिला हे कसं?

याचं उत्तर पुण्यात सापडलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बाया, वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. पण आपली बाळं बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबी त्या मानानं राखलेली होती, मांस कमी होतं. म्हणजे वरून हडकुळं, आतून चरबी.

याच डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आला. शेजारी उभे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचं उंचीच्या मानानं वजन एकसारखं, जराही फरक नाही. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतून वेगळे. डॉक्टरांनी स्वतःचंच अंग उदाहरणाला दिलं, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.

ही चरबी दंडावर, मांडीवर दिसत नाही. ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात बसते, आणि तीच इन्सुलिनला अडवते. म्हणून बाईनं वजनकाट्याबरोबर टेपही घ्यावी. ब्लाउज शिवणाऱ्या ताईकडची टेप चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न आवळता मोजायचं. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला, तर सावध. पुरुषाला ९० सेंटिमीटर. आमच्या मैत्रिणीचा निघाला ८६. हातपाय काडी, पण पोटाचा घेर लुगड्यात कुणाला दिसला नव्हता. मग आम्ही बैठकीत सगळ्यांचे मोजले. अकरा जणींत सात ८० च्या वर. हसण्याऱ्या आम्हीच होतो ना, आमचेही त्यात.

मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा जाड थर येणं, बारीक चामखिळी येणं, तरुण पोरीची पाळी महिनोन् महिने न येणं आणि हनुवटीवर केस येणं, या सगळ्या त्याच गोष्टीच्या खुणा असू शकतात. पोरीला "स्वच्छ आंघोळ कर" म्हणून बोलू नका. तिला दवाखान्यात न्या. आणि जिला बाळंतपणात बीपी चढलं होतं, झटके आले होते किंवा शुगर निघाली होती, तिनं बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असं समजू नये. तिला पुढं बीपी आणि शुगर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिनं वर्षातून एकदा तरी तपासायचंच.

बीपी दुखत नाही, ठणकत नाही. आमच्या मैत्रिणीचं डोकं दुखायचं, पण ते बीपीनंच होतं असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. आम्ही मात्र तिला दर वेळी दुकानातली दुखण्याची गोळी आणून द्यायचो. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांनी किडनी मीठ धरते आणि बीपी आणखी चढतं, हे आम्हाला कुठं माहीत? गुडघ्यासाठी, कंबरेसाठी रोज अशी गोळी घेणाऱ्या बाया आमच्याच वाडीत डझनभर आहेत. ती घेण्याआधी डॉक्टरांना बीपी दाखवा.

आता मिश्री. ऐकताय ना? रेडिओ बंद करू नका. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या आमच्यातही चार जणी आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातल्या निकोटीननं वाहिन्या आवळतात. ज्या वाहिन्या आधीच सैल व्हायला तयार नाहीत, त्यांना आणखी एक गाठ. दोघींनी सोडली. दोघींची चालढकल चालूय, खोटं कशाला बोला.

मिठाचा हिशोब आम्हाला सगळ्यात सोपा वाटला, कारण त्याला यंत्र लागत नाही. माणसी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला पंचवीस ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे. आता पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. आमच्यातल्या बहुतेकींचा वीस दिवसांत संपला, म्हणजे माणसी दहा ग्रॅम. शिवाय दुकानातली फरसाण, पापड यांतलं मीठ वेगळंच. एकीचा तर पंधराव्या दिवशी संपला. तिची आत्या म्हणाली, लोणचं घातलं होतं म्हणून. असेल. पण लोणचं शेवटी पोटातच जातं की.

मीठ एकदम तोडू नका, घरात भांडण होईल. ताटात वरून मीठ वाढणं बंद करा. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर सोडा. ठेच्यात, कालवणात थोडं थोडं कमी करत न्या. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते. वाळवणं घालताना, कुरडया-पापड-सांडगे, मिठाचा हात आखडता घ्या.

खाण्याबद्दल आम्हाला वाटलं होतं, साखर सोडली की झालं. चहाचा हिशोब केला तर दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे. दहा चमचे म्हणजे पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. ते एका चमच्यावर आणलंय. पण ज्वारी चांगली म्हणून चार भाकऱ्या आणि नावाला कालवण, हेही इन्सुलिनला ओरडायला लावतं. भाकरी एक कमी करा, मटकी-मुगाची उसळ आणि पालेभाजी वाढवा. आणि ती तुमच्या ताटात पडली पाहिजे. सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरची भाकरी आणि चटणी, ही आपली जुनी रीत. उसळ पहिल्यांदा पुरुषांच्या ताटात संपते. हे बैठकीत बोलताना दोघी-तिघींचे डोळे भरले होते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खातो, तो जवळजवळ नुसता पिष्टाचा गोळा असतो. शेंगदाणे, ताक, भगर थोडीच, असं करता येतं.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" असं एकीनं रागानं विचारलं. बरोबर आहे तिचं. रानातलं काम म्हणजे कष्टच. पण संध्याकाळी काय होतं? नऊ वाजता जेवण, आणि साडेनऊला अंथरूण. साखर रक्तात चढते तेव्हाच आपण आडव्या होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. स्नायू हलले की ते इन्सुलिनची हाक न ऐकताही साखर ओढून घेतात. मागचं दार आपोआप उघडतं. आणि चालताना वाहिन्याही सैल होतात. आपल्याकडे शतपावली आहेच. फक्त ती शंभर पावलांवर थांबवू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. एकटीला अंधारात नको वाटतं, म्हणून आम्ही पाच जणी देवळापासून टाकीपर्यंत जातो. पहिल्या आठवड्यात गल्ली हसली. आता दोन सासवाही येतात.

झोपेचंही तेच. रात्रीची लाइट, म्हणून बारा वाजता मोटर चालू करायला उठायचं, आणि पहाटे चारला पुन्हा चूल. अपुऱ्या झोपेनं दाद न देणं वाढतं. रानातल्या लाइटची वेळ आमच्या हातात नाही. पण आठवड्यातून तीन रात्री मोटरवर दुसरं कुणी जाईल, एवढं दोन घरांत तरी ठरलंय.

गोळीबद्दल स्पष्ट सांगतो. बीपीची गोळी बीपी खाली ठेवते, बरं करून टाकत नाही. गोळीमुळं आकडा चांगला येतो, म्हणून आपण म्हणतो आता चांगलं आहे, आणि गोळी सोडतो. बांध घातला म्हणून पाणी थांबलंय, तर बांध काढायचा का? वजन, मीठ, चालणं यांनी फरक पडला तर डॉक्टर स्वतः गोळी कमी करतात. आपण मनानं करायची नाही. आणि सवयीचं म्हणाल, तर चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी सुईत दोरा ओवायचा थांबत नाही.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. आशाताई सी-बॅक नावाचा फॉर्म भरून घेतात, तो नीट भरा, मिश्री लपवू नका. १४० आणि ९०, यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवायचं. वरचा १८० किंवा खालचा ११० असेल तर त्याच दिवशी जायचं. आणि तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं बोबडं, यातलं काहीही दिसलं तर तेल नाही, कांदा नाही, पाणीही पाजू नका, सरळ १०८ ला फोन करा. गुठळीनं वारं गेलं असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन. आमचे तीन तास सावलीत गेले होते.

पुढच्या मंगळवारी, दुपारी दोनला, समाजमंदिरात आमच्या गटाची बीपी मोजणी आहे. शेजारच्या वाडीच्या गटांनीही यावं. येण्याआधी अर्धा तास चहा घेऊ नका, मिश्री लावू नका, लघवीला जाऊन या. आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला टेकवायचा. गप्प बसणंच अवघड जाणार, ठाऊक आहे आम्हाला. मशीन आशाताई लावतील. वहीत आकडे लिहायचं काम आमच्या त्याच मैत्रिणीनं मागून घेतलंय. ती डाव्या हातानं लिहिते. जरा वेळ लागतो, तेवढं थांबा.